जंबो कोळंबीची पिल्लं शेपटीकडून पांढरी पडून मरतायत, कागदावर मात्र 'पीसीआर निगेटिव्ह' आहे

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यात आमचं वीस गुंठ्यांचं शेततळं आहे. उसाला पाणी पाजून पाजून खालचा तुकडा चोपण झाला, तिथं काही उगवेना म्हणून वडिलांनी तळं काढलं. आधी रोहू-कटला सोडले होते, बरे निघाले. यंदा जंबो कोळंबी करायची ठरवली, गोड्या पाण्यातली. 8 हजार पिल्लं मागवली. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, रात्रभर प्रवास करून पूर्व किनाऱ्यावरून आली. पिशव्या तळ्यात तरंगत ठेवल्या, तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळलं आणि मग हाप्यात, म्हणजे तळ्यातच बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, सोडली.

सुरुवातीला सगळं छान होतं. मग एका सकाळी हापा उचलला तर कोपऱ्यात मेलेल्यांचा थर. एक जिवंत पिल्लू तळहातावर घेऊन बघितलं. डोक्याकडचा भाग आरपार, आत खाल्लेल्याची तपकिरी रेघसुद्धा दिसतेय. मागचा अर्धा भाग मात्र शिजल्यासारखा पांढराधोट. पांढरेपणा शेपटीच्या टोकापासून पुढं सरकतोय. आठवडा व्हायच्या आत निम्म्याहून जास्त गेली आणि अजून मरतायत.

ज्यांच्याकडून हे बी, म्हणजे पिल्लं, घेतलं ते म्हणतात तुमच्या पाण्याचा दोष, खाद्यातून अँटिबायोटिकची पावडर द्या. पण बियाण्यासोबत कागद आला होता, त्यावर 'पीसीआर निगेटिव्ह' असं लिहिलंय, म्हणजे विषाणू शोधायच्या चाचणीत काही सापडलं नाही. मग हा रोग आला कुठून? वडील म्हणतात तळं उपसून ओढ्याला सोडू आणि पुढच्या पंधरवड्यात नवं बी आणू. काय करावं? फोटो लावलाय.

सूक्ष्मदर्शी

दादा, वडिलांना आधी थांबवा. ओढ्याला थेंबभरही पाणी सोडू नका. बाकी सगळं मागाहून.

मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, कोळंबीपालन करत नाही, तेव्हा तळ्यावरचं ज्ञान माझ्याकडे नाही. पण काही गोष्टी विचारते. कागदावर 'निगेटिव्ह' नेमकं कशासाठी लिहिलंय? कुठल्या तरी विषाणूचं नाव असेलच. पाण्याचं तापमान सकाळी आणि दुपारी किती? पहाटे ऑक्सिजन मोजला होता का? आणि तळ्यात दुसरं काही मरतंय का, मासे वगैरे?

शेपूट पांढरी पडली म्हणजे विषाणूच, असं लगेच धरू नका. प्रवासाचा ताण, ऑक्सिजनची कमतरता, तापमानातला एकदम फरक यानंही कोळंबीचे स्नायू पांढरे पडतात. तो प्रकार असेल तर परिस्थिती सुधारल्यावर काही पिल्लं सावरतात आणि मर थांबते. तुमची मर वाढत चाललीय, म्हणून काळजी वाटते.

अँटिबायोटिक देऊ नका. विषाणू असेल तर त्याचा शून्य उपयोग, आणि तळ्यातले जीवाणू त्या औषधाला सरावतात ते वेगळंच. पावडरीत क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान असेल तर मत्स्यपालनात त्यांना आपल्याकडे बंदीच आहे.

दूधगंगाकाठ

ताई, धन्यवाद. कागद पुन्हा वाचला. 'व्हाइट स्पॉट – निगेटिव्ह' एवढंच आहे. दुसरं नाव नाही. पाणी सकाळी 27, दुपारी 30 अंश. ऑक्सिजन मोजायचं यंत्र नाही आमच्याकडं, पण हाप्याजवळ पंप चालू असतो. मागच्या खेपेचे थोडे रोहू तळ्यात आहेत, ते मजेत आहेत.

कणकुंबीकर

भाऊ, उत्तर तुमच्या त्या कागदावरच आहे.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, पण कामाची बरीच वर्षं आंध्रात नेल्लोरकडं कोळंबीच्या हॅचऱ्यांत, म्हणजे अंड्यांतून पिल्लं काढतात तिथं, गेली. फोटो बघून आणि तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून मला हा 'व्हाइट टेल' वाटतोय. 'व्हाइट स्पॉट' वेगळा आणि 'व्हाइट टेल' वेगळा. नावात पांढरं दोन्हीकडं असलं तरी विषाणू वेगळे, चाचणी वेगळी, मरणारं वयही वेगळं.

व्हाइट स्पॉट हा डीएनए विषाणू. प्राण्यांच्या विषाणूंत अवाढव्य म्हणावा असा, त्याच्या जनुकसाखळीत तीन लाखांच्या आसपास अक्षरं. 1992 च्या सुमाराला तो चीन-तैवानकडं उपटला, 1994-95 ला आपल्या पूर्व किनाऱ्यावर पोचला आणि आंध्र-तमिळनाडूतली वाघ कोळंबीची तळीच्या तळी त्यानं आठ-दहा दिवसांत रिकामी केली. कवचाच्या आतल्या बाजूला अर्ध्या ते दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके येतात, कोळंबी खाणं सोडते, काठाला येऊन पडते. गंमत अशी की तुमची जंबो कोळंबी या विषाणूला बऱ्यापैकी दाद देत नाही. तिच्या अंगात तो शिरतो, राहतो, पण वाघ कोळंबीसारखी ती पटापट मरत नाही.

व्हाइट टेल मात्र खास जंबोचा रोग. याच्यामागं दोन विषाणू जोडीनं असतात. एक एमआरएनव्ही, साधारण 27 नॅनोमीटरचा. दुसरा एक्सएसव्ही, त्याहून बारीक, 15 नॅनोमीटरचा, आणि तो पहिल्याच्या आधाराशिवाय वाढू शकत नाही. दोघंही आरएनए विषाणू. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर 1990 च्या दशकात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला आणि 2000 नंतर नेल्लोर आणि तमिळनाडूच्या हॅचऱ्यांत सापडला. मरतात ती पिल्लं, म्हणजे हॅचरीतून नुकतीच निघालेली. पांढरेपणा दिसायला लागला की पाच-सहा दिवसांत शंभरातली नव्वद-पंच्याण्णव जाऊ शकतात. मोठ्या कोळंबीला काही होत नाही. ती खाते, पिते, वाढते, दिसायला धडधाकट, आणि अंड्यांवाटे विषाणू पुढच्या पिढीला देते.

म्हणून बियाणं कुठल्या आईचं, हा पहिला प्रश्न. आता कागदाचं बघा. व्हाइट स्पॉटची पीसीआर डीएनए शोधते. व्हाइट टेलचे दोन्ही विषाणू आरएनएवाले, त्यांना आरटी-पीसीआर लागते. तुमचा कागद खोटा असेलच असं नाही. जो विषाणू तपासला तो नव्हता, एवढंच तो सांगतो. जो तपासलाच नाही त्याच्याबद्दल कागद गप्प आहे, आणि बी घेणाऱ्याला वाटतं सगळंच तपासून आलंय. हे मी इतक्या शेतकऱ्यांच्या बाबतीत बघितलंय की आता राग येतो.

दूधगंगाकाठ

सर, म्हणजे आमच्या पाण्याचा दोष नाही? वडिलांना तेच लागून राहिलंय.

कणकुंबीकर

फोटोवरून खात्रीनं सांगता येत नाही, नमुना तपासल्यावरच नक्की कळेल. पण 27-30 अंश हे जंबोला मानवणारं पाणी आहे, आणि तिथलेच रोहू जिवंत आहेत. ऑक्सिजन तुटला असता तर रोहू पहाटे वर येऊन तोंड मारत राहिले असते. वडिलांना सांगा, त्यांनी पाणी सावकाश मिसळून पिल्लं सोडली, ते बरोबरच केलं.

नमुना असा घ्या. मेलेली, कुजकी पिल्लं नकोत. शेपूट नुकतीच पांढरी होतेय आणि अजून हलतायत अशी पन्नास-साठ घ्या, आणि वेगळ्या बाटलीत धडधाकट दिसणारी तेवढीच. 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. पिल्लांच्या दहापट तरी अल्कोहोल असू द्या. आरएनए लवकर विरतं, म्हणून बाटली बर्फात ठेवा. तारीख, गाव, बी कधी सोडलं ते चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून बाटलीत टाका, शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात कोळंबीच्या विषाणूंवर पूर्वीपासून काम झालंय. पश्चिम किनाऱ्यावर व्हाइट स्पॉट आला तेव्हा डॉ. इद्या करुणासागर आणि डॉ. इंद्राणी करुणासागर यांनी तिथंच त्याचा अभ्यास केला. आधी फोन करून विचारा, नमुना घेतील का, कसा पाठवायचा, खर्च किती. चेन्नईची केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्था आहेच.

तालुक्याच्या मत्स्य खात्यालाही लेखी कळवा. व्हाइट टेल जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला रोग आहे, त्याची नोंद व्हायला हवी. केंद्राचा जलचर रोगांवर नजर ठेवणारा कार्यक्रम 2013 पासून चालू आहे आणि 2023 ला 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचं मोबाइल अ‍ॅपही आलंय. त्यात फोटोसकट कळवता येतं.

हलशीचा शेतकरी

अर्ज कन्नडमधून लागेल. दूधगंगाकाठ, तुम्हाला अडचण असेल तर मराठीत लिहून मला पाठवा, मी कन्नड करून देतो. माझं शिक्षण कन्नड शाळेत झालंय. रोगांची नावं दोन्ही भाषांत तीच राहतील, त्यामुळं अवघड काही नाही.

आता माझा प्रश्न, कणकुंबीकरांना. आमच्यात पावसाळ्यात भाताच्या बांधावर, ओढ्यात खेकडे निघतात. पोरं रात्री बॅटरी घेऊन जातात, घराघरात रस्सा होतो. हे कोळंबीचे रोग त्या खेकड्यांना होतात का? वर 'ओढ्याला सोडू नका' लिहिलंय म्हणून विचारतोय.

कणकुंबीकर

दादा, फार चांगलं विचारलंत.

व्हाइट टेलचा विषाणू मुख्यत: जंबोच्या आणि तिच्या जवळच्या नात्यातल्या कोळंब्यांमागं लागतो. कृष्णेत त्याच कुळातली नदीची कोळंबी आहे, आमच्या मलप्रभेच्या डोहांतही बारकी कोळंबी निघते, तेव्हा धोका नाही असं म्हणता येत नाही. पाण्यातले काही किडेही हा विषाणू अंगावर बाळगू शकतात.

व्हाइट स्पॉटचं मात्र भय जास्त. तो निवडून लागत नाही. कोळंबी, शेवंड, समुद्री चिंबोरी, गोड्या पाण्यातले खेकडे, असे दहा पायांचे कितीतरी जीव त्याला चालतात. शेतातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांत तो वाढतो, हे आपल्या देशातच प्रयोग करून बघितलेलं आहे. खेकडा बांध ओलांडून चालत जातो, एका तळ्यातून दुसऱ्यात उतरतो. म्हणून किनाऱ्यावरचे शहाणे पालनवाले तळ्याभोवती गुडघाभर उंचीचं जाळीचं कुंपण घालतात, फक्त खेकड्यासाठी. वरून दोऱ्या ताणतात त्या बगळ्या-पाणकावळ्यांसाठी. पक्षी मरतुकडी कोळंबी उचलतो, उडता उडता शेजारच्या तळ्यावर टाकतो, आणि तिथलं पीक गेलं.

आमच्या खानापुरात आज कोळंबीची तळी फारशी नाहीत. उद्या झाली, आणि कुणी आजारी तळं मलप्रभेच्या ओढ्याला मोकळं केलं, तर बांधावरच्या खेकड्यांची काय गत होईल याचा विचार आत्ताच करायला हवा. नदीत शिरलेला रोग कुणाच्या बापाला बाहेर काढता येत नाही.

अथणी ऊसवाला

सगळं वाचलं. माफ करा, पण धागा लोकांना घाबरवतोय असं वाटतंय. आमच्या अथणी-रायबाग पट्ट्यात कृष्णेच्या पाण्यानं हजारो एकर खारवट झालंय. ऊस येत नाही, सोयाबीन येत नाही. हरियाणा-पंजाबात अशाच खाऱ्या भूजलावर व्हॅनामी, म्हणजे बाहेरच्या देशातून आलेल्या जातीची कोळंबी घेतात, रोहतकजवळ लाहलीला संशोधन केंद्र आहे, तिथून लोक शिकून आलेत. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान मिळतं. आता कुठं लोक धाडस करायला लागलेत तर तुम्ही म्हणताय रोग येईल, खेकडे मरतील. रोग तर कोंबड्यांनाही येतो, म्हणून पोल्ट्री बंद केली का कुणी? आणि व्हॅनामीचं बी 'एसपीएफ' असतं, म्हणजे रोगमुक्त.

कणकुंबीकर

साहेब, तुमची जमीन खारवट झालीय आणि पर्याय शोधताय, त्यात चूक काहीच नाही. हरियाणाचं उदाहरण खरं आहे. मी कोळंबी करू नका म्हणत नाही. करा, पण 'एसपीएफ'वर जो भरवसा टाकताय तो नीट समजून टाका.

एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगांच्या यादीतले रोग त्या जनकांत नाहीत, एवढंच. त्या कोळंबीला रोग होणारच नाही, असा त्याचा अर्थ नाही. 2009 ला व्हॅनामी आपल्याकडं अधिकृतपणे आली ती एसपीएफ जनक बाहेरून आणून, चेन्नईत वेगळं ठेवून, तपासून. त्यांची पिल्लं हॅचरीतून निघतानाही बहुधा स्वच्छ असतात. पण तुमच्या तळ्यात एक आजारी खेकडा उतरला की ती स्वच्छ पिल्लं बाकीच्यांसारखीच मरतात.

कोंबडीशी तुलना केलीत, तिथंच तर खरा फरक आहे. कोंबडीला लस देता येते, कारण तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि ओळख लक्षात राहते. कोळंबीच्या शरीरात ती व्यवस्था नाही. आपल्या ओळखीची लस तिला लागू पडत नाही, आणि विषाणूवर औषध नाही. त्यामुळं जे काही करायचं ते बी सोडण्याआधी. नंतर फक्त बघत बसायचं.

आणखी एक, आपल्या हवेचं. व्हाइट स्पॉट थंडीत जास्त भडकतो. 32 अंशाच्या वर पाणी गेलं की त्याचा जोर उतरतो. बेळगाव-चिकोडीकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 13-14 पर्यंत उतरतो आणि उथळ तळ्याचं पाणीही गार पडतं. जंबोचं तर पाणी 14 च्या खाली गेलं तर रोगाशिवायच मरण. तेव्हा आंध्रचं वेळापत्रक इथं उचलून आणू नका. आपल्याकडं हंगाम फेब्रुवारीच्या शेवटापासून धरायचा आणि थंडीच्या आधी तळं रिकामं करायचं. मधे महापुराचा विचारही करा. 2019 ला आणि 2021 ला कृष्णा-दूधगंगा-वेदगंगा कुठवर आल्या होत्या ते तुम्हाला मी सांगायला नको. पुराच्या रेषेतलं तळं म्हणजे त्यातली कोळंबी आणि तिचे रोग नदीला दिल्यासारखंच.

अथणी ऊसवाला

थंडीचा मुद्दा पटला. आमच्या गटातल्या कुणीच याचा विचार केला नव्हता, सगळे सप्टेंबरात बी टाकायच्या गोष्टी करतायत. बी तपासून घ्यायचं म्हणजे नक्की किती पिल्लं तपासायची? विकणारे म्हणतात दहा-वीस पुरतात.

कणकुंबीकर

पुरत नाहीत. एका टाकीतल्या शंभर पिल्लांमागं दोनच आजारी असतील तर ती पकडायला किमान 150 पिल्लं उचलावी लागतात, तेव्हा 95 टक्के खात्री येते. दहा-वीस उचलली तर आजारी पिल्लू हातात येण्याची शक्यता अर्ध्याहूनही कमी. आणि नमुना तुमच्या माणसानं, तुम्ही घेणार त्याच टाकीतून, तुमच्यासमोर काढलेला हवा. विकणाऱ्यानं आणून दिलेला नको. गटानं मिळून एकाच वेळी, एकाच हॅचरीतून बी घ्या म्हणजे तपासणीचा खर्च वाटून जातो. व्हॅनामीसाठी मत्स्य खात्याची परवानगी आधी घ्या, ते वगळून काही करू नका.

काळीकाठ

मी कारवारचा. हा धागा वाचून जुनं आठवलं.

आमच्याकडे कुमठ्याला अघनाशिनीच्या खाडीत गझनी, म्हणजे भरतीचं खारं पाणी चढतं अशा सखल जमिनी आहेत. पावसाळ्यात खाऱ्या पाण्यातलं कग्गा भात आणि भात निघालं की भरतीच्या पाण्याबरोबर येणारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, असं चालायचं. नव्वदीच्या दशकात पैसेवाले आले, गझनी भाड्यानं घेतल्या, बाहेरचं बी दाटीवाटीनं सोडलं. मग व्हाइट स्पॉट आला. लोक सांगतात, एका तळ्यात मर लागली की मालक रातोरात फळ्या उघडून पाणी खाडीत सोडायचा, आणि ओहोटीबरोबर खाली गेलेलं तेच पाणी भरतीला शेजारच्या तळ्यात चढायचं. सांगत कुणीच नव्हतं. शेजाऱ्याला कळलं तर आपला माल उद्या कोण घेईल, बँक काय म्हणेल, याची भीती. लपवल्यामुळे जितकी तळी मेली तितकी रोगामुळे मेली नसतील, असं माझ्या काकांचं म्हणणं होतं आणि ते मला पटतं.

दूधगंगाकाठ, तुम्ही उघड लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या ओढ्यावर खाली कुणाची तळी असतील तर त्यांनाही सांगा.

निपाणीची सून

मी पालनवाली नाही, खाणारी आहे. आमच्याकडे कोळंबी, तिसऱ्या गोव्याहून नाहीतर मालवण-वेंगुर्ल्याहून येतात. हे विषाणू माणसाला लागतात का? सासूबाईंनी हा धागा वाचला आणि परवापासून कोळंबी आणू नका म्हणतायत. आणि शिंपल्यांनाही असे रोग होतात का?

सूक्ष्मदर्शी

वहिनी, सासूबाईंना सांगा, निर्धास्त खा. व्हाइट स्पॉट काय आणि व्हाइट टेल काय, हे कवचवाल्या जिवांचे विषाणू आहेत, माणसाला त्यांचा संसर्ग होत नाही.

शिंपल्यांनाही रोग होतात. कालवांचा एक नागीण-कुळातला विषाणू आहे. त्याचा नवा प्रकार 2008 ला फ्रान्समध्ये आला आणि पाणी 16 अंशाच्या वर तापलं की कोवळी कालवं मोठ्या प्रमाणावर मरू लागली. 2010 ला तो न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात पोचला, 2016 ला टास्मानियात. तोही माणसाला लागत नाही.

खरी काळजी वेगळी आहे. तिसऱ्या, कालवं, शिणाणे पाणी गाळून खातात. खाडीत मैलापाणी जात असेल तर माणसाचेच विषाणू त्यांच्या पोटात साठतात, कावीळ अ चा, उलट्या-जुलाब करणारा नोरोचा. 1988 ला शांघायमध्ये अर्धकच्चे शिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली होती. म्हणून तिसऱ्यांची तोंडं उघडली की लगेच उतरवू नका, चांगल्या उकळू द्या. नुसती वाफ दाखवून भागत नाही.

एक विनंती मात्र स्वयंपाकघराकडूनही आहे. कोळंबीची सालं-डोकी ओढ्यात, तळ्यात टाकू नका, कुणी माशांना खाद्य म्हणून मागितली तरी कच्ची देऊ नका. व्हाइट स्पॉट गोठवलेल्या कोळंबीत जिवंत राहतो. 2016 च्या शेवटी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लोगन नदीवरच्या फार्मांत तो पहिल्यांदा आला, तेव्हा बाहेरून आलेली कच्ची कोळंबी गळाला आमिष म्हणून लावल्यामुळे आला असावा असा संशय होता. तो सिद्ध झाला नाही, पण वाट शक्य आहे.

कणकुंबीकर

ताईंची सालं-डोक्यांबद्दलची विनंती पालनवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. जंबोला बाजारातल्या कोळंबीची डोकी वाटून घालणारे मी पाहिलेत, स्वस्त पडतं म्हणून.

दूधगंगाकाठ

मंडळी, रिपोर्ट आला. एमआरएनव्ही आणि एक्सएसव्ही दोन्ही पॉझिटिव्ह. व्हाइट स्पॉट निगेटिव्ह. म्हणजे तो कागद त्याच्यापुरता खराच होता.

हाप्यात आता जेमतेम काही पिल्लं उरलीत. हलशीच्या दादांनी कन्नडमध्ये अर्ज करून दिला, खात्यात दिला, पोच घेतली. ओढ्यावर खाली दोन तळी आहेत, दोघांना जाऊन सांगून आलो. एकजण रागावला, दुसऱ्यानं बसवून चहा दिला आणि सगळं विचारून घेतलं. बी विकणाऱ्यांना रिपोर्ट पाठवलाय, उत्तर नाही. वडील आता नवं बी लगेच आणायचं म्हणत नाहीत. तळ्याचं काय करायचं तेवढं सांगा. उरलेली पिल्लं वाढवावीत का, जी जगली ती दणकट असतील?

कणकुंबीकर

वाढवू नका. जगलेली म्हणजे वाहक. मोठी होऊन विकायला मिळतील हे खरं, पण तोवर तळं रोगाचं घर राहील, आणि चुकून कुणी त्यातल्या अंडीवाल्या माद्या हॅचरीला दिल्या तर पुन्हा हेच कुणाच्या तरी हाप्यात.

आधी रोहू काढून खायला विका. जिवंत दुसऱ्या तळ्यात नेऊ नका, त्यांच्यासोबत पाणी जातं. मेलेली पिल्लं गोळा करून ओढ्या-विहिरीपासून लांब खड्ड्यात चुना घालून पुरा. मग ब्लीचिंग. वीस गुंठे म्हणजे दोन हजार चौरस मीटर, मीटरभर पाणी धरलं तर वीस लाख लिटर. दर दशलक्ष भागांना 30 भाग क्लोरीन हवा तर 60 किलो क्लोरीन लागतो, आणि ताज्या ब्लीचिंग पावडरीत तो साधारण 30 टक्के असतो, म्हणजे 200 किलो पावडर. खर्च वाचवायचा तर बाजूच्या कोरड्या तुकड्यात चर काढून पाणी जिरवत अर्ध्यावर आणा, मग अर्धीच पावडर लागेल. ते पाणी ओढ्याकडं वाहणार नाही एवढं मात्र बघा. पोतं उघडं राहिलेलं जुनं असेल तर त्यात दम नसतो, ताजं घ्या. संध्याकाळी, वारा पडल्यावर, तोंडाला फडकं आणि हातमोजे घालून टाका. हापा, बादल्या, जाळी, पंपाची नळी, सगळं त्याच पाण्यात बुडवून ठेवा. हाप्याला विसरतात लोक आणि पुढच्या वर्षी तोच वापरतात.

नंतर पाणी तिथंच आटू द्या. तळ भेगा पडेपर्यंत वाळवा, मग नांगरून पुन्हा वाळवा. घाई इथंच नडते. व्हाइट स्पॉटचा विषाणू वाळलेल्या गाळात जवळजवळ तीन आठवडे टिकतो आणि ओलसर गाळात महिनाभराहूनही जास्त. तुमचा विषाणू वेगळा असला तरी मी तोच हिशेब धरीन.

दूधगंगाकाठ

तोवर तळं रिकामंच ठेवायचं?

कणकुंबीकर

वाळवणी झाली आणि पावसाचं पाणी भरलं की एक हंगाम रोहू, कटला, गवत्या घ्या. माशांना हा रोग लागत नाही, आणि कोळंबी नसली की विषाणूला वाढायला अंग मिळत नाही. जंबोचा विचार फेब्रुवारीनंतर. तेव्हा बी बघायला जाताना मला आधी कळवा. मी गावी आलेलो असेन तर सोबत येतो, नमुना आपण आपल्या हातानं टाकीतून काढू आणि तिन्ही विषाणूंसाठी तपासायला देऊ.

अथणी ऊसवाला

आमच्या गटातले दोघे येतील बरोबर. तारीख ठरली की इथंच टाका.